ढवळणं थांबवायचं नाही

९ जानेवारी

आले एकदाची. पिशव्या खाली टाकल्या, खिडकी उघडली आणि उगाचच हसू आलं. चाळिशी उलटल्यावर नवी नोकरी, नवं गाव. पोटात गोळा येईल असं वाटलं होतं. आली ती भूक.

खाली बाहुल्यांचा कारखाना, वर माझी खोली. कारखाना म्हणायचं एवढंच, चार खोल्या आहेत. पहिलीत फोम कापून डोकी घडवतात, दुसरीत शिवण, तिसरीत तयार बाहुले खुंट्यांना टांगलेले. मागच्या अंगाला चौथी खोली, तिथे माझं राज्य: दोन शेगड्या, नळ, मोरी आणि मी आत बसू शकेन एवढं स्टीलचं पातेलं. हे आत हात घालून तोंड हलवायचे बाहुले. त्यांच्या अंगाला फ्लीस लावतात, म्हणजे थंडीच्या जॅकेटांना आतून असतं ते लवदार पॉलिस्टरचं कापड. बाजारात हवा तो रंग मिळत नाही, म्हणून पांढरं आणून इथेच रंगवायचं. त्यासाठी मी.

मालकीण पन्नाशीच्या, त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. त्यांचा भाऊ बाहुले चालवून बघतो आणि गिऱ्हाइकांना दाखवतो, तो 'धाकटे'. शिवणावर एक मावशी आहेत. माझ्याआधी रंगाचं काम त्यांच्याकडे होतं. बोलणं इतकं गोड की साखर लाजेल. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते हे ऐकल्यावर बाई म्हणाल्या, मग तुला प्रोफेसरच म्हणणार हं आम्ही. चालेल म्हटलं. त्यात टोमणा होता का, याचा विचार जिना चढेपर्यंत केला. ही माझी जुनी खोड. नसावा.

लेकीला फोन केला. तिने उलटतपासणीच घेतली: खोलीला आतून कडी आहे का, सुट्टी कधी, कुणी अरेतुरे करतं का? उगाच नाही तिला घरात वकीलबाई म्हणत.

१२ जानेवारी

पहिलं काम, लांडगा. रंग राखाडी.

पॉलिस्टर सहजासहजी रंग धरत नाही. पाणी उकळीच्या जेमतेम खाली ठेवावं लागतं, तेही चढत चढत. कापड आधी साबणाच्या कोमट पाण्यात पुरतं भिजवायचं. कोरडा कोपरा राहिला तर तिथे फिकट चट्टा पडलाच. पूड वेगळ्या भांड्यात विरघळवून सुती फडक्यातून गाळायची, नाहीतर कण बसेल तिथे ठिपका. पातेल्यात कापडाला पोहायला जागा हवी. आणि लाकडी दांड्याने ढवळत राहायचं, खालचं वर, वरचं खाली. लवेत हवा अडकून कापड फुग्यासारखं वर येतं, तो फुगा दाबून बुडवायचा. हात थांबला की घडी पडते, घडीत रंग पोचत नाही. रंग मुरेपर्यंत ढवळणं थांबवायचं नाही.

इथली एक पद्धत मला फार आवडली. एका बाहुल्याचं सगळं कापड, डोकं, कान, मान, हात, एकाच पाण्यात आणि एकाच हाताने. दुसऱ्या पाण्यात तोच रंग पुन्हा जुळत नाही हे मी जाणते. पण एकाच हाताने का, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, तसंच असतं आमच्याकडे.

रंग चढायला लागला तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, पूड गाळलीस ना गं, की कॉलेजात नुसत्या बाटल्या विसळायचीस? मावशींसमोर म्हणाल्या. माझे कान तापले. मनात उत्तर तयार झालं: फडकं मी दुहेरी घेतलंय, उरलेलं तुमच्या डोळ्यांवर बांधू का? ते उत्तर घोळवत मी ढवळत राहिले, दात खाऊन. पाणी निवेपर्यंत हात एकदाही थांबला नाही.

कापड डोळ्यांत भरावं असं निघालं. कुठे चट्टा नाही. आणि माझा रागही गेला होता. दंड भरून आले की डोकं शांत होत असावं.

१९ जानेवारी

लांडगा शिवून झाला. धाकट्यांनी सगळ्यांसमोर हात घालून चालवून दाखवला. अप्रतिम वळतो. कान हलतात, जबडा मिटताना ओठाला मुरड पडते. हसत होते सगळे. मग लांडग्याने माझ्याकडे मान वळवली आणि धाकट्यांच्या आवाजात म्हणाला, फडकं दुहेरी घेतलंय, उरलेलं तुमच्या डोळ्यांवर बांधू का?

बाई खो खो हसल्या. धाकटे म्हणाले, कुठून सुचतं मला, देव जाणे, आमचे बाहुले हात घातला की आपले आपण बोलतात.

मी हे वाक्य कुणाला ऐकवलं नव्हतं. पुटपुटले असेन का? ढवळताना माणूस पुटपुटतं. मावशी तिथेच होत्या. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, असेल गं, असू दे.

२६ जानेवारी

आज मात्र संताप झाला आहे आणि तो अगदी रास्त आहे. मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिला.

पुढचा बाहुला न्यायाधीश. चेहऱ्याला गव्हाळ रंग. पाणी तापत असताना बाई स्टूल घेऊन बसल्या आणि गोडीगुलाबीने मला कॉलेज का सोडलं ते विचारलं. मी मूर्खासारखं सांगितलं. माझी नोंदलेली निरीक्षणं विभागप्रमुखाने स्वतःच्या नावावर छापली. मी तोंड उघडलं तेव्हा त्याने सगळ्यांना सांगितलं की हिच्या हातून काचा फुटतात, हिचं डोकं ठिकाणावर नसतं. जिथे वीस वर्षं काढली तिथे लोक मला बघून कुजबुजायला लागले.

ऐकून घेतल्यावर बाई म्हणाल्या, त्याचंही बरोबरच असेल, तुझ्या नावाने कुणी वाचलं असतं का?

मी दांडा उचलला आणि त्या पाण्याला असं ढवळलं की शिंतोडे भिंतीवर उडाले. बाई उठल्या, पातेल्यात वाकून बघितलं, आणि स्वच्छ सांगून टाकलं: हे बघ, समाधानी माणूस ढवळता ढवळता खिडकीबाहेर बघत बसतं. चिडलेला हात थांबत नाही. म्हणून मी चिडवते. मावशीलाही चिडवायचे. मनाला लावून घेऊ नकोस, कापड बघ किती सुरेख येतंय.

म्हणजे मी बैल! पराणी टोचली की चालायचं! वर सांगायचं की मनाला लावून घेऊ नकोस! उद्या सकाळी राजीनामा तोंडावर मारणार आहे. आत्ताच मारला असता, पण कापड पाण्यात होतं. ते अर्ध्यावर टाकणं मला जमेना.

२७ जानेवारी

राजीनामा दिला नाही. सकाळी उठले तर राग नव्हता. दडपला होता, गिळला होता असं नाही. नव्हताच. जिभेने चाचपावं आणि दाताच्या जागी हिरडी लागावी तसं.

५ फेब्रुवारी

न्यायाधीश बोलला.

धाकट्यांनी हात घातला मात्र, त्याने विभागप्रमुखाला फाडून खायला सुरुवात केली. तारखा, निरीक्षणांचे आकडे, फुटलेल्या काचा. बाईंना मी इतकं तपशिलात सांगितलंच नव्हतं. काही गोष्टी लेकीलाही माहीत नाहीत. स्टाफरूममध्ये कुणीतरी माझा पेला वेगळा ठेवला होता, ते मी कुणालाही, कधीही सांगितलेलं नाही. लाजेने. न्यायाधीशाने सांगितलं. जबडा इतका आपटत होता की आतला फोम चेपल्याचा आवाज येत होता.

आणि मी ऐकत होते. दुसऱ्याच कुणाची तरी हकिगत ऐकावी तशी. मनात आलं, बिचारी, एवढं काय त्यात.

धाकट्यांना हात बाहेर काढता येईना. बाईंनी ओढून काढला. बोटांच्या पेरांवर ओळीने लाल खुणा. शिवण घट्ट झाली असेल, असं ते म्हणाले, पण माझ्याकडे बघेनात.

खोलीत आल्यावर स्वतःची परीक्षा घेतली. प्रमुखाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, त्याने केलेलं सगळं पुन्हा लिहून काढलं. अक्षर कुठेही हललं नाही. लेकीला फोन केला आणि मुद्दाम त्याचा विषय काढला. ती नेहमीप्रमाणे भडकली. मी म्हणाले, त्याच्याही काही अडचणी असतील गं. ती म्हणाली, आई, तू बरी आहेस ना, की शेजारी कुणी उभं आहे?

माझा राग होता तो. माझा, हक्काचा. कष्टाने सांभाळलेला. तो माझ्यातून काढून एका बाहुल्याच्या तोंडात भरला, आणि मला राग येत नाही याचा मला राग यायला हवा. तेवढा मात्र अजून येतोय. तो जपायचा.

८ फेब्रुवारी

मावशींजवळ बसले होते. त्यांच्या हातावर इस्त्री होती. म्हणजे कापडावर नाही, हातावर. त्या शांतपणे बघत होत्या. मी झडप घालून उचलली. कातडी सोलली होती. त्या म्हणाल्या, असू दे गं, तिला तरी कुठे ठेवणार. मी ओरडून विचारलं की दुखत नाही का? दुखतं की, म्हणाल्या. पण दुखलं म्हणून चिडायला होत नाही, मग उचलायचं राहून जातं.

त्यांना एक मुलगा होता हे आजच कळलं. ट्रकने चिरडला. ट्रकवाल्याला घाई असेल, असं त्या म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवला.

तिसऱ्या खोलीत कोपऱ्यातल्या खुंटीवर एक तपकिरी अस्वल आहे, तोंड पट्टीने करकचून बांधलेलं. त्याचा रंग इतका एकसारखा आहे की मी हेव्याने बघत आले. आज जेवणाच्या सुट्टीत मी ती पट्टी सोडली. हात आत घातला नाही. घालावा लागलाच नाही.

अस्वल किंचाळलं. एका आईचा आवाज. मुलाला हाका मारत होतं, ट्रकवाल्याला शिव्या देत होतं, माझं पोर, माझं पोर, सोडणार नाही तुला. खुंटी गदागदा हलत होती. मी दोन्ही हातांनी त्याचा जबडा दाबून धरला. शिवणखोलीचं दार उघडंच होतं. मावशींनी मान वर केली, हसल्या, आणि म्हणाल्या, त्याचा आवाज जरा मोठाच आहे.

९ फेब्रुवारी

निघते आहे. पिशवी भरली.

संध्याकाळ. गेले नाही. बाईंनी पुढच्या बाहुल्याचं, म्हातारीचं, कापड भिजत घातलं होतं. पाणी तापलं होतं. त्यांनी माझ्या दादाचा विषय काढला: आईच्या आजारपणात तो फिरकला नाही, ते. लेकीने फोनवर सांगितलं म्हणे त्यांना. लेकीचा नंबर यांच्याकडे कसा? त्यावर मी भडकले, आणि हातात दांडा होता. कधी घेतला आठवत नाही.

कापड उत्तम निघालं. दादा बिचारा, त्याला तरी कुठे वेळ होता. हे मी लिहिलं. आत्ता, याच हाताने. आणि ते खरं नाही हे मला माहीत आहे, फक्त जाणवत नाही.

१४ फेब्रुवारी

बाई आज खूश होत्या. म्हणाल्या, प्रोफेसर, तुझं आता संपत आलं. आणखी एक बाहुला निघेल फार तर. मग तू मावशीबरोबर शिवणावर बस, आरामात.

आणि माझ्या जागी लेक. त्यांनी परस्पर बोलून घेतलंय तिच्याशी. मी बदलले आहे म्हणून ती काळजीत होती, त्यांनी तिला सांगितलं, येऊन बघ आणि राहा, काम आहे. फटकळ आहे पोरगी, असं त्या म्हणाल्या, नाकावर राग, तिचा हात वर्षानुवर्षं चालेल.

मी त्यांच्या अंगावर धावून गेले. खरंच गेले! गळा धरला होता मी. धाकट्यांनी सोडवलं. बाईंना खोकला आला, पण त्या हसत होत्या. वा, म्हणाल्या, हे एक शिल्लक आहे तर. शेवटचा बाहुला मुलीचा करू.

नाही. हा राग द्यायचा नाही. बाकी सगळं घेतलंत, घ्या. लेक दारात आली की तिला हाकलायचं, ओरडायचं, वेळ पडली तर मारायचं, पण आत पाऊल टाकू द्यायचं नाही. त्यासाठी हा लागेल. दांड्याला हात लावणार नाही. लेकीला फोन लागत नाही. माझा फोन टेबलावर होता, आता नाही.

१७ फेब्रुवारी

खोलीत बसून आहे. बाईंना शिव्या लिहिते. पानं भरली. हरामखोर. चेटकीण. माझ्या पोटच्या पोरीला हात लावशील तर

बरं वाटतं लिहून. नाही, बरं वाटून चालणार नाही. लिहिणं बंद करते.

बाहेर जायचं दार बंद. रस्त्यावरच्या चावीवाल्याला खिडकीतून हाका मारल्या. त्याने हात हलवला. बाहुल्यांचं घर, त्याला वाटलं असेल तालीम.

१९ फेब्रुवारी

त्यांनी मला ओढलं नाही, बांधलं नाही. काहीच केलं नाही.

फक्त रंगखोलीचं दार उघडं ठेवलं. पाणी तापलेलं. रंग पडलेला. मुलीचं कापड आत, आणि जवळ कुणीही नाही.

जिन्यावरून दिसत होतं. कापड स्थिर. कडेला एक फुगा वर येत होता, पांढरा, कोरडा. त्याखाली घडी. आत्ता दाबला तर निघेल. आणखी थोडा वेळ गेला तर तो चट्टा कायमचा.

मी डोळे मिटले. मोजत बसले. माझ्यासमोर माझं काम नासत होतं. कुणाचं कापड, कुणाचा बाहुला, मला काय त्याचं? मला माहीत होतं हा सापळा आहे. माहीत होतं! आणि तरी माझ्या डोक्यात एवढंच: नुसता फुगा दाबायचा. एकदाच. ढवळायचं नाही —

दाबला.

दुसरीकडे आला —

नीटनेटकेपणाचा धिक्कार असो माझ्या. कुठलं भूत नाही, मीच — वीस वर्षं कधी एक नमुना वाया जाऊ दिला नाही, आणि आता लेक —

ढवळताना रडत होते. शेवटी रडत नव्हते.

२० फेब्रुवारी

कापड वाळलं. गुलाबीसर. फार छान.

स्वतःसाठी लिहून ठेवते, अजून आठवतंय तोवर: लेक आली की तिला हाकल. कारण विचारू नकोस. हाकल.

२२ फेब्रुवारी

मुलीचा बाहुला टांगला. कुणी हात न घालताच तो दाराकडे तोंड करून ओरडतो, येऊ नकोस, येऊ नकोस. धाकट्यांनी तोंड बांधलं. जरा शांत झालं.

हातावर पातेल्याची कड टेकली होती. कधीची, कोण जाणे. मावशींनी पट्टी बांधली. चांगल्या आहेत.

२३ फेब्रुवारी

लेक आली. दारातच बाईंवर तुटून पडली, माझ्या आईला काय केलंत म्हणून. केवढा आवाज तिचा. बाई तिच्या हातांकडे बघत होत्या.

आत आली. माझा भाजलेला हात बघून रडली, मग ओरडली, आई, चल, आत्ताच्या आत्ता, पिशवी राहू दे. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. मागच्या पानावर आहे. वाचलं. असं का लिहिलं असेल मी? दमून आलीय पोर.

पातेलं तापलेलं. कापड आत, तसंच पडून. मी म्हटलं, जाऊ गं, एवढं वाया जाईल, मला एका हाताने होत नाही — दांडा धर जरा.

ती म्हणाली, खड्ड्यात गेलं तुमचं कापड. पण घेतला. चिडूनच —

इथे स्टुलावर बसून लिहिते आहे. तोंड लाल झालंय तिचं. बाईंना काय काय बोलतेय. हात थांबत नाही. फुगा एक नाही, घडी नाही, काय सुरेख —

तिला थांबवायला हवं. हे मला दिसतं. काचेपलीकडे असावं तसं. उठायचं, दांडा हिसकायचा, ओरडायचं — तोंड उघडलं —

छान, म्हटलं. खालचं वर घे बाळा, असंच, आता —